पांगुळगाड्याची नोंद

मी मूळची अमरावतीची. हिंजवडीत सहा वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्या, कंटाळले, आणि पेठेतल्या एका लहानशा संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी करायला लागले. संग्रहालय तेव्हा वाढत होतं. मागची दोन दालनं उघडायची होती, पायऱ्यांशेजारी व्हीलचेअरसाठी उतार झाला होता, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी एक स्पर्शदालन होणार होतं. तिथल्या वस्तू काचेआड नसणार, हात लावून बघता येणार. जुन्या घरगुती वस्तू द्या असं आम्ही आवाहन केलं, आणि लोकांनी खलबत्ते, अडकित्ते, पितळी डबे आणून दिले.

पांगुळगाडा मात्र मला जाऊन आणावा लागला. देणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, एकटे राहणारे. त्यांची इमारत पाडून नवी बांधायची होती. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"आत यायची गरज नाही. वस्तू इथेच आहे."

गाडा जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीने बांधून ठेवला होता. मी फॉर्म पुढे केला. 'वस्तू कोणी वापरली' या रकान्यात त्यांनी लिहिलं, कोणीही नाही.

"मग इतकी वर्षं ठेवलात कशाला?"

"टाकता येत नव्हता म्हणून. आता तुम्ही ठेवा. परत आणू नका, एवढंच."

संग्रहालयात चादर सोडली. सागवानी गाडा, तीन चाकं, पुढे धरायला आडवी दांडी. चाकं चांगलीच झिजलेली होती. आणि दांडीच्या मधोमध बारीक दातांच्या खुणा होत्या, दोन वर, दोन खाली. मी आमच्या प्रमुखांना दाखवल्या.

"उंदीर असेल," ते म्हणाले.

"उंदीर बरोबर मधोमध कुरतडतो?"

"पुण्यातला असेल तर कुरतडतो."

आम्ही हसलो आणि मी दिसलं तसं नोंदवून टाकलं.

दालन उघडायच्या आठवडाभर आधी आम्ही एका निवृत्त संगीतशिक्षिकेला बोलावलं. त्या जन्मापासून अंध. कुठे काय अडतंय ते त्यांनी सांगायचं होतं. भर दुपार होती. खोलीत त्या, प्रमुख आणि मी, तिघंच. बाई टेबलाच्या कडेने हात फिरवत चालल्या होत्या आणि एकेक वस्तू ओळखत होत्या. पांगुळगाड्याच्या दांडीवर त्यांचा हात थांबला.

"हे आपण आत्ताच पुसलंत का?"

"नाही."

"ओलं आहे."

मी हात लावून पाहिला. लाकूड कोरडं ठणठणीत होतं. तसं मी म्हणाले, तेव्हा त्यांनी आपला हात माझ्यापुढे धरला. बोटांची टोकं चमकत होती. त्यांनी अंगठा आणि बोट अलग केलं तर मध्ये एक चिकट तार ताणली गेली.

"लाळ आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "चार मुलं वाढवलीत मी. बाळ कुठाय?"

प्रमुखांनी जाऊन पंखा बंद केला. का केला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आम्ही तिघंही ऐकत उभे राहिलो. काहीच ऐकू आलं नाही, आणि मला तेच सहन झालं नाही. मी रुमाल आणायच्या निमित्ताने बाहेर पडले.

संध्याकाळी मी त्या गृहस्थांना फोन करून सगळं सांगितलं.  ते एवढंच म्हणाले, "माझी बहीण येईल. तिला विचारा." आणि फोन ठेवला.

बहीण तिसऱ्या दिवशी स्वारगेटहून रिक्षाने आल्या. ऐंशी पार केलेल्या, हातात काठी. उतारावरून सावकाश चढून आल्या आणि गाड्यासमोर खुर्चीवर बसल्या.

"आमच्या धाकट्या भावासाठी वडिलांनी सुताराकडून करून घेतला," त्या म्हणाल्या. "हौस म्हणून बारशालाच आणला. दोन महिन्यांत तो गेला. चालणं सोडा, पालथाही पडत नव्हता."

"मग चाकं कशी झिजली?"

"दुपारी आई स्वैपाकघरात असायची. आम्ही दोघं अभ्यासाला बसलेलो. आणि माजघरातून चाकांचा आवाज यायचा. आधी अडखळत. वर्षभरात चांगला पळायला लागला."

पळायला लागला. हे त्यांनी कौतुकाने सांगितलं, मावशीने भाच्याचं सांगावं तसं. 

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"भाऊ घाबरला. अजून घाबरतो. आई नाही घाबरली. ती दांडीला मध लावून ठेवायची."

"मध?"

"अहो, दात येताना मुलांना काहीतरी चावायला लागतं ना."

प्रमुखांनी खाकरून विचारलं, गाडा काचेच्या पेटीत ठेवला तर चालेल का. बाईंनी काठी जमिनीवर टेकवली. "कोंडू नका. इतकी वर्षं चादरीत होता तेवढं पुरे. माणसं येऊ देत, हात लावू देत."

प्रमुख एरवी कुणाचं ऐकत नाहीत. या बाईंचं त्यांनी ऐकलं. दालन ठरल्या दिवशी उघडलं, गाडा टेबलावरून उतरवून खाली जमिनीवर ठेवला. अंधशाळेची मुलं येतात, त्याला हात लावतात, दांडी धरून दोन पावलं चालून बघतात. मी दाराबाहेरच्या टेबलावर बसते. आत एकटी थांबत नाही, हे कबूल करते.

बहीण दर गुरुवारी दुपारी येऊन बाकावर तासभर बसायच्या. एका गुरुवारी त्यांच्यामागून ते गृहस्थही आले. तिकीट काढलं आणि दालनाच्या दारात थबकले.

"ये ना," बहीण आतून म्हणाल्या.

"इथून दिसतंय."

"तुला नुसतं बघायला नाही बोलावलं."

ते बराच वेळ तसेच उभे होते. मग दारात वाकून त्यांनी चपला काढल्या. आमच्याकडे तसा नियम नाही. अनवाणी आत जाऊन ते बहिणीशेजारी बसले. त्यांनी तिचा हात घट्ट धरला होता, लहान भाऊ धरतो तसा. मी मान खाली घालून माझं काम करत राहिले. बंद करायची वेळ उलटून गेली तरी मी त्यांना उठवायला गेले नाही.