दोन राज्यांचे दगाजीनाना

दगाजीनाना कामाला बसण्याआधी जोडे काढून ठेवत. राजाचा दरबार असो, गोऱ्या साहेबाचा तंबू असो, अंगात काळा कोट, डोक्याला लाल पागोटं आणि टेबलाखाली उघडे पाय. एका नव्या साहेबाने नाक मुरडलं तेव्हा नाना म्हणाले, "साहेब, पाय थंडा तं डोकं थंडं. डोकं तापनं का राज्यं भांडतस." मी भाषांतर करून सांगितलं. दुसऱ्या दिवशी साहेबाचे बूटही तंबूबाहेर दिसले.

नाना लोणखेड्याचे, कापूस पिकवणाऱ्या घरातले. सातपुड्यातल्या एका लहानशा संस्थानाचे ते वकील होते. हा वकील खटले चालवणारा नव्हे. राजाच्या वतीने साहेबाकडे आणि शेजारच्या संस्थानांत जाऊन बोलणी करणारा. मी तळोद्याचा, त्यांचा दुय्यम.

एकदा तळोद्याला आमचे राजेसाहेब आणि शेजारचे राजेसाहेब साहेबासमोर भेटायचे होते. साहेबाच्या उजव्या हाताला कोणी बसायचं यावर दोघेही अडून बसले. दोघांनी घोडे परत फिरवायची भाषा केली. नाना साहेबाकडे गेले. साहेबाला अपचनाचा त्रास होता. "जेवणानंतर शतपावली करत बोललात तर पोटाला आराम पडेल," असं त्यांनी कचेरीच्या शुद्ध मराठीत सुचवलं. झालं! दोघे राजे समोरासमोर बसले आणि साहेब मधून येरझारा घालू लागला. जाताना आमचे राजे उजवीकडे, येताना शेजारचे. परतताना बैलगाडीत नाना पोट धरून हसत होते. "भाऊ, दोन्ही उजवा व्हयनात. डावं एकलं साहेबनं पोट!"

पुढे सरहद्दीवरच्या भांडणांसाठी दोन्ही संस्थानांची मिळून पंचायत नेमायचं ठरलं. तिचा सरपंच दोघांनाही पटणारा हवा होता. असा माणूस मुलखात एकच. नानांनी त्याच दिवशी वकिली सोडली आणि दरबाराने दिलेला शेला परत केला. राजेसाहेब म्हणाले, "शेला असू द्या, तुम्ही आमचेच." नाना हात जोडून म्हणाले, "महाराज, आजलोंग मी एकनं तोंड व्हतू. आते दोन्हीसना कान व्हवानं शे." त्यांच्या जागी मी वकील झालो, आणि पंचायतीसमोर दरबाराची बाजू मांडायचं कामही माझ्याकडेच आलं.

तिथेच बुधीचं प्रकरण आलं. बुधी पलीकडच्या संस्थानातली भिल्लीण. आमच्या रानातलं सागवान तोडलं म्हणून तिचा नवरा आमच्या तुरुंगात होता. आंब्याखाली पंचायत भरली. बुधी भिलीत बोलली, आमच्या दरबाराचा दुभाष्या मराठीत सांगू लागला, "ती म्हणते, झाड माझ्या नवऱ्यानेच तोडलं."

बुधी तेवढंच म्हणाली नव्हती. रान राखणाऱ्या तुमच्याच नाकेदाराने त्याला वेठीला धरून नेलं आणि मारून तोडायला लावलं, असं ती म्हणाली होती. मला भिली येत होती. नानांनाही येत होती, पलीकडच्या वकिलाला मात्र नव्हती. पण सरपंचाने स्वतःच साक्ष दुरुस्त केली असती तर न्यायाधीशच साक्षीदार झाला म्हणून दरबाराने सगळा निकाल उडवून लावला असता.

कारकुनाने टाक बुडवला. नाना म्हणाले, "थांब." मग माझ्याकडे वळले. "वकीलसाहेब, तुम्हाला भिली येते. बाई काय म्हणाली, ते पुरतं सांगा."

मागे दरबाराचे कारभारी बसले होते. माझं घर त्या नोकरीवर चालत होतं. बुधी माझ्याकडे बघत होती. आमचं काय चाललंय हे तिला कळत नव्हतं. मी उठलो आणि तिचं सगळं बोलणं, नाकेदारासकट, सांगून टाकलं. नाना कारकुनाला एवढंच म्हणाले, "लिही."

बुधीचा नवरा सुटला. आठ दिवसांत माझी नोकरीही सुटली. नाना केळीचा घड घेऊन तळोद्याला घरी आले. मला वाटलं, धीर देतील. तर ओट्यावर बसून माझ्या बायकोला म्हणाले, "बेटा, हाऊ आते मोकया शे, घरनं पानी याले भरू दे." ती रडता रडता हसली. नंतर मी त्याच ओट्यावर बसून लोकांना अर्ज लिहून देऊ लागलो. डोंगरातली माणसं येत राहिली, पोट भरत गेलं.

बऱ्याच वर्षांनी, संस्थानं जाणार अशी बोलणी सुरू झाली तेव्हा मी लोणखेड्याला त्यांना भेटायला गेलो. ते खाटेवर होते. इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारलं, "नाना, मी त्या दिवशी खोटं बोललो असतो तर?"

"तं मी तेच लिखी लेतू. तो मानूस जेलमा सडता."

"मग एवढा धोका का पत्करलात?"

"दुसरा कोन व्हता तठे?" त्यांनी डोळे मिटले. "भाऊ, त्या दिवशी मी कायदावर नही, तुन्हावर भरवसा टाका. तू उभा ऱ्हायना नही तवपावत मन्हा बी जीव जागावर नव्हता."

तेवढ्यात त्यांच्या सुनेने जेवायला हाक मारली आणि बोलणं तिथेच थांबलं. त्या हिवाळ्यात नाना गेले. निरोप तळोद्याला तीन दिवस उशिरा पोचला. माझ्यात भरवसा टाकण्यासारखं त्यांना काय दिसलं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं.