अकरा जणींची जीप

मी नाशिकमध्ये बायकांना गाडी चालवायला शिकवते. शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी नवऱ्याची नाहीतर वडिलांची गाडी चालवणार असतात. म्हणून सुरगाण्याहून आलेली चाळिशीची एक बाई "आमची जीप हाय, ती शिकायची," म्हणाली, तेव्हा मी कान टवकारले.

"आमची म्हणजे?"

"बचत गटाची. आमी अकरा जणी."

भात निघाला की त्या सगळ्या निफाडकडे द्राक्षबागांत कामाला येत. आणायला मुकादमाची जीप. कुठल्या बागेत उतरायचं, मजुरीचा रोज किती घ्यायचा, परत कधी जायचं, सगळं तोच ठरवायचा. शेवटी गटाने स्वतःचीच जुनी जीप घेतली.

"मग ड्रायव्हर का नाही ठेवला?"

"ठेवला ना! लगेच तोच सांगाया लागला, आज हिकडं चला, उद्या तिकडं." ती हसली. "गाडी आमची अन् मालक तो."

घाटातली असल्यामुळे चढाला ती कधी घाबरली नाही. शहरातल्या सिग्नलला मात्र तिचे हात ताठ व्हायचे. लायसन्सच्या परीक्षेत रिव्हर्स घेताना एकदा नापासही झाली. पास झाल्यावर तिने पहिला फोन सासूला लावला. गट सासूनेच सुरू केला होता.

मला राहवेना. हंगाम सुरू झाल्यावर मी त्यांच्या वाटेवरच्या वणीला जाऊन त्यांच्या जीपमध्ये बसले. निफाडजवळ एका बागेपाशी गाडी थांबली. बागायतदार पुढे आला. "मुकादम कुठंय?"

"आमीच," ती स्टिअरिंगवरूनच म्हणाली.

"बरं. रोज मागच्या वर्षीचाच मिळेल."

तिने मागे पाहिलं. सासूने नकारार्थी मान हलवली आणि जीप वळली. मीच वळून त्या बागेकडे पाहत राहिले. आता काम मिळालं नाही तर? पुढच्या बागेतही जमलं नाही. सायखेड्याच्या वाटेवर मात्र त्यांनी मागितलेला रोज मिळाला, राहायला खोलीही.

दुपारी भाकरी खाताना सासूने मला विचारलं, "तुमची शिकवायची गाडी कोणाच्या नावावर?"

"नवऱ्याच्या."

"का?"

घरी येऊन मी हाच प्रश्न नवऱ्याला विचारला, तर त्याने तोच मला परत विचारला. आम्ही दोघं बराच वेळ हसलो.

यंदा घेतलेली दुसरी गाडी माझ्या नावावर आहे. तीत सध्या त्या गटातल्या आणखी दोघी शिकतायत.