छबूबाईची ओट्यावरची भेदरी

१९५४ साली पिंपरीत पवनेकाठची जमीन कारखान्यासाठी गेली, त्यात छबूबाईचं दीड एकर रान आणि रानातलं घरही गेलं. नवरा सोपानराव कागदावर अंगठा उठवून आला आणि एवढंच म्हणाला, "झालं." मूलबाळ नव्हतं. दोघं आमच्या चाळीत राहायला आली. सोपानरावाला त्याच कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी लागली. रानाचं नाव मात्र त्यानं पुन्हा काढलं नाही. छबूबाईनं काढलं, तर उठून बाहेर जायचा.

रान सोडताना तिनं बांधावरची भेदरी, म्हणजे बोराएवढे गोड गावठी टोमॅटो, फडक्यावर चिरडून बी वाळवून घेतलं होतं. चाळीच्या तोंडाशी रहिमानचं सायकलचं दुकान होतं. त्याच्याकडून तिनं तेलाचे तीन रिकामे डबे आणले, नदीची माती भरली, आणि खोलीपुढच्या दोन हात ओट्यावर बी पेरलं. रोपं वीतभर झाली आणि पिवळी पडली. सारा जन्म शेतात गेलेली बाई, पण डब्यातली माती तिला उमगेना.

रहिमानची बायको मदिना कुंडीत पुदिना लावायची. तिनं डबा हलवून पाहिला.

"तळाला भोकं पाडलीस का गं?"

"न्हाई. पानी वाया जाईल की."

"जाऊ दे ना! मुळं बुडाली बघ तुझी."

रहिमाननं खिळ्यानं भोकं ठोकून दिली. छबूबाईनं तळाशी विटांचे तुकडे घातले, मातीत शेणखत आणि राख कालवली, नवं बी टाकलं. वाढलेली रोपं सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधली. थंडीत झुबके लालभडक झाले.

पहिली मूठभर भेदरी तिनं नवऱ्याच्या ताटात, भाकरीशेजारी ठेवली.

"आपल्या बांधावरची हायेत."

त्यानं ताट बाजूला सारलं आणि उपाशीच कामावर गेला.

"मी चुकले का गं?" तिनं मदिनाला विचारलं. मदिना तिच्या शेजारी टेकली.

आठवड्यानं चाळीचे मालक नानासाहेब आले. "बाई, भिंतीला ओल धरलीय. हे डबे उद्यापर्यंत हलले पाहिजेत."

छबूबाई डबा उचलायला वाकली. सोपानराव नुकताच पहाऱ्याची पाळी संपवून आला होता, अंगात खाकी कपडे तसेच.

"ठेव खाली," तो तिला म्हणाला. मग मालकाकडं वळला. "मालक, येकदा काय बी न बोलता समदं दिलं मी. ह्ये न्हाई देनार."

आम्ही सगळे दारांत येऊन उभे राहिलो. नानासाहेबांनी वाकून डब्यांखालची ओल पाहिली. "बरं," ते म्हणाले, "भिंतीपासून हातभर सरकवा. खाली विटा घाला." आणि गेले.

विटा सोपानरावानंच आणल्या. डबे मांडून झाल्यावर तो ओट्यावर टेकला आणि आपणहून रानाचं बोलायला लागला. विहीर, बैल, बांधावरचं आंब्याचं झाड.

"अंगठा देताना तुला इचारलं बी न्हाई मी."

"इचारलं असतं तरी जमीन जायाचीच व्हती."

"जायाचीच व्हती. पर इचाराया पायजे व्हतं."

छबूबाईनं तोंडाला पदर लावला. दोघं रात्रीपर्यंत रानाचंच बोलत बसली; त्या दिवशी त्यांच्या खोलीत चूल पेटली नाही. मदिनानं दोघांसाठी डाळ-भाकरी झाकून आणून दिली.