गार होईपर्यंत

सुआमेच्या गॅरेज-वस्तीतले फिटर थापाडे, हे अख्ख्या कुमासी शहराला ठाऊक आहे. 'उद्या ये' म्हणाले की खुशाल आठवडा धरावा. बेडियाकोचं मात्र उलटंच होतं. गेली सहा वर्षं गाडी तयार झाली तरी तो ती सोडत नसे. गिऱ्हाइकं त्याच्या नावानं बोटं मोडत आणि हा ढिम्म.

त्या मंगळवारी सेर्वाची ट्रोट्रो, फेऱ्या मारणारी मिनीबस, त्याच्या शेडमध्ये आली. सेर्वा म्हणजे त्याच्या मेलेल्या मित्राची, न्सियाची बायको. तिच्या नव्या ड्रायव्हरनं गाडी मागे घेताना डावं चाक सिमेंटच्या गटारावर आपटलं होतं आणि मागचा ॲक्सल वाकला होता. बेडियाकोनं तो खाली उतरवून घोडीवर ठेवला, चिखल खरवडला आणि त्याचा हात थांबला. ॲक्सलच्या नळीवर पंचनं मारलेले तीन ठिपके होते. त्याचीच खूण.

सहा वर्षांपूर्वी अपघातात न्सिया मेला ती हीच गाडी. ती दुसऱ्या फिटरनं पुन्हा उभी केली, तेव्हा बेडियाको तिच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता. खालचा हा ॲक्सल तसाच राहिला असेल, हे त्याच्या मनातही आलं नाही.

त्यानं गॅस पेटवला. लगेच हॉर्न ऐकू आला, दोन आखूड, एक लांब. न्सिया असाच वाजवायचा. सहा वर्षं ज्योत पेटली की हा हॉर्न वाजायचा आणि बेडियाकोनं मागे वळून बघणं कधीच सोडून दिलं होतं. त्याला भीती वाटायची, खरंच कुणी उभं असलं तर?

नळीच्या फुगलेल्या अंगाला त्यानं शेक दिला, जॅकनं रेटा दिला. दोन्ही टोकांच्या तबकड्यांना लोखंडी पट्ट्या बांधून त्यांच्यामधलं पुढचं अंतर मोजलं, मागचं मोजलं. तंतोतंत. न्सिया मेला त्या शनिवारीही असंच तंतोतंत आलं होतं.

तेवढ्यात सेर्वा केंके, मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा पानात उकडलेला गोळा, आणि तळलेली मासळी घेऊन आली.

"झालं ना मास्तर? मग चढवा. दुपारच्या फेऱ्या तरी मिळू देत."

"गार होऊ दे, वहिनी."

"लोखंड आहे का लापशी, गार करून खायला?"

तो हसला नाही. बाकावर बसून राहिला. केंके पानातच राहिलं. दोन तासांनी त्यानं नळीवर तळवा ठेवला आणि पुन्हा मोजलं. मागे अंतर दोन सूत वाढलं होतं. गार होताना नळी आखडली होती आणि चाकं तिरकी बसली असती.

आता तोंड मिटून पुन्हा शेकायचं आणि गाडी देऊन टाकायची, कुणाला कळलंही नसतं. बेडियाकोनं अजून तिथंच थांबलेल्या सेर्वाला नळीवरची आपली खूण दाखवली.

"वहिनी, त्या शनिवारी मी थांबलो नाही. मामाच्या अंत्यविधीला जायचं होतं, काळं कापड घरी इस्त्री करून ठेवलं होतं. गरम असतानाच मोजलं आणि गाडी दिली. न्सिया वळणावर गेला तो ह्या दोन सुतांनी."

सेर्वानं त्या तीन ठिपक्यांवरून बोट फिरवलं. त्याला वाटलं, आता ही थोबाडीत मारील. मारली असती तर बरं झालं असतं.

"त्याला कळलं होतं," ती म्हणाली. "संध्याकाळी घरी आला तेव्हा म्हणाला, गाडी डावीकडे ओढतेय, मास्तरला दाखवून येतो. मी म्हटलं, मास्तर अंत्यविधीला गेलेत, सोमवारी दाखव. अंत्यविधीची माणसं परतायची वेळ आहे, शेवटची फेरी कशाला बुडवतोस?" तिनं ॲक्सलवरचा हात मागे घेतला. "मीच पाठवला त्याला. सहा वर्षं तो दारात किल्ली घेऊन उभा असतो आणि मी रोज म्हणते, जा."

पहिल्यांदाच बेडियाकोनं मान वळवून शेडच्या दाराकडे पाहिलं. तिथं फक्त ऊन होतं.

सेर्वानं केंकेचं पान त्याच्याकडे सरकवलं आणि बाकावर त्याच्या शेजारी बसली.

"खाऊन घ्या. मग पुन्हा तापवा," ती म्हणाली. "गार होईपर्यंत मी बसते."