मामांची एकच फाइल

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. फोन आईचा, मामा तिचा धाकटा भाऊ. ती रडली नाही. "जलदान विधी रविवारी. पत्रिका तूच कर, त्याचा कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला चालवता येत नाही," एवढंच म्हणाली. दीड महिना झाला. मला त्या दिवसाचं आठवतं ते इतकंच, की रडू यायच्या आधी खूप थकवा आला...

मिरजोळ्याच्या घरी, पुढच्या खोलीत मामांचं टायपिंगचं काम चालायचं. आसपासच्या आमच्या बौद्ध वाड्यांतल्या बहुतेक शोकपत्रिका तिथेच व्हायच्या. कॉम्प्युटर जुना, सॉफ्टवेअर त्याहून जुनं, आणि शोकपत्रिकेची फाइल एकच. कुणी गेलं की मामा ती उघडायचे, आधीच्या माणसाचं नाव खोडायचे, नवं घालायचे. एकदा खालच्या ओळीत आधीच्या आजींचं नाव राहिलं आणि तसंच छापलं गेलं. गेलेल्या गृहस्थांचा मुलगा तणतणत आला. "माझ्या बापाच्या पत्रिकेत ही म्हातारी कशाला?" मामा म्हणाले, "शेजारीण ना रे तुमची? सोबत झाली." तो हसला, आणि मग तिथेच बसून रडला. मामांनी सगळ्या पत्रिका पुन्हा छापून दिल्या.

गेल्या वर्षी ते चिपळूणला गेलेले असताना मी न विचारता जुनं सॉफ्टवेअर काढून नवं टाकलं, वर्षाची वर्गणीही भरली. त्यांना बरं वाटेल असं वाटलं होतं. ते आले, फाइल उघडली, आणि पडद्यावर नुसत्या रेघा न् चिन्हं... जुना फाँट नव्याला वाचताच येईना. मामा म्हणाले, "असू दे गो बाय. त्याला आमची माणसं ओळखता येत नाय, तू काय करशील?" मग आठवडाभर जुन्या सीडी शोधून त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यासारखं केलं. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. माफी उद्या मागू, उद्या मागू म्हणत माझं वर्ष गेलं.

त्यांच्या पत्रिकेसाठी मी त्यांच्या खुर्चीत बसले. कुठल्या बटणावर कुठलं अक्षर, याचा त्यांच्या हातचा कागद भिंतीला चिकटवलेला आहे. तो बघत एकेक अक्षर शोधलं. फाइलमध्ये दाभोळच्या एका काकूंचं नाव होतं. ते खोडून मामांचं घातलं.

परवा शेजारच्या वाडीतून फोन आला. "मामा नाहीत, ठाऊक आहे. पण आमच्या घरातल्या सगळ्यांची पत्रिका तिथूनच झाली आहे." मी फाइल उघडली. मामांचं नाव समोर. नव्या पत्रिकेची वेगळी फाइल करता आली असती, मला येतं ते... पण त्यांच्यासारखंच, मागून एकेक अक्षर खोडत गेले. रिकाम्या जागेकडे बघून "मामा, चुकलं माझं" म्हटलं आणि नवं नाव घातलं. छापायला देण्याआधी पुन्हा वाचलं.

खालच्या ओळीत मामा राहिले होते. तिथूनही काढले.