न सांगता चावणारा

मावशी वरून कडक आणि आतून महाभित्री होती. तिच्या तोंडावर असं म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. मार खाल्लेल्या, टाकून दिलेल्या कुत्र्यांच्या निवाऱ्यात ती पिंजरे धुवायची. पाण्याचा पाइप घेऊन ती आली की व्हॅनचा ड्रायव्हरसुद्धा घाईघाईने सिगरेट विझवायचा. आणि हीच बाई गॅस बंद केलाय की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी परत जायची. लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी राहायची. सकाळी फोन वाजला की "हॅलो" नाही, सरळ "काय झालं?" विचारायची.

त्या दिवशी मात्र तिची पाचावर धारण बसायला खरंच कारण होतं. व्हॅनमध्ये मागे मुक्या होता आणि व्हॅन निघाली होती तिच्या सख्ख्या भावाकडे.

मुक्या म्हणजे तपकिरी, हडकुळा, गळ्यावर साखळीचा वळ असलेला कुत्रा. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात बांधलेला सापडला होता. निवाऱ्यात बाकीची कुत्री भुंकायला लागली की हा भिंतीकडे तोंड करून लटलट कापायचा. खायला दिलेलं तसंच पडून राहायचं. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, म्हणून मुक्या. आणि मग ध्यानीमनी नसताना कचकन चावायचा. ड्रायव्हरला चावला, डॉक्टरांना चावला. डॉक्टर रागावले असते तर परवडलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "न सांगता चावणारं कुत्रं कुणाच्या घरात कसं ठेवायचं? एखादं निवांत घर मिळालं तर बघा ठेवून. तिथेही चावला तर इंजेक्शन. निदान त्याचे हाल तरी संपतील."

आता निवांत घर काय बाजारात मिळतं? निवारा चालवणाऱ्या मॅडमनी फोन करकरून घसा बसवून घेतला. कुणाकडे रांगतं मूल, कुणाकडे वरच्या मजल्यावर फरशीचं काम. शेवटी त्यांना एकदम आठवलं. "अहो मावशी, तुमचे दादा! एकटे राहतात, त्यात ऐकू येत नाही. त्यांच्याकडे कसला आलाय गोंगाट?"

हसावं की रडावं! बहिऱ्याचं घर शांत असतं, असं ज्याला वाटतं तो बहिऱ्याकडे एक रात्र राहिलेला नाही. दादा दार लावायचा तर भिंत हादरायची. झाकणं आपटायचा, नळ धो धो सोडून विसरायचा, खुर्ची फरफटत न्यायचा, आणि त्या बाबाला त्याचा पत्ताच नसायचा. मावशीला हे सगळं पाठ होतं. पण तिने तोंडाला कुलूप लावलं. ती नाही म्हणाली असती तर मुक्याला दुसरं घर नव्हतं.

ते कुलूप आता तिच्या छातीवर बसलं होतं. दादा वेताच्या खुर्च्या विणायचा. त्याचं पोट त्याच्या बोटांवर. लहानपणी तापात त्याचे कान गेले, तेव्हापासून ही धाकटी त्याचे कान झाली होती. रस्ता ओलांडताना त्याच्या शर्टाचं टोक हिच्या मुठीत असायचं. आणि आज तीच त्याच्या बोटांपाशी हा जबडा घेऊन चालली होती.

"मुक्याची गाठ बहिऱ्याशी," ड्रायव्हर म्हणाला. "भांडण तरी होणार नाही, मावशी."

"पुढे बघून चालव, मेल्या!"

दादाची खोली एकच, पण ऐसपैस. टबात वेत भिजत पडलेले, भिंतीला अर्ध्या विणलेल्या खुर्च्या. पिंजऱ्याचं दार उघडताच मुक्या सुळकन खाटेखाली शिरला. ड्रायव्हरला लगेच आठवलं की गाडी भलत्याच जागी लावलीय. तो संध्याकाळी येतो म्हणून सटकला.

दादाने डब्याचं झाकण धाडकन ओट्यावर टाकलं, तशी खाट हलली. वाडगं भरून तो खाटेकडे निघाला. मावशीने त्याची बाही धरून त्याला आपल्याकडे वळवलं.

"दादा, नको! न सांगता चावतो तो. गुरगुरत नाही, काही नाही!"

दादाने तिचे ओठ वाचले आणि नेहमीच्या खणखणीत आवाजात हसला. "मला गुरगुरून काय उपयोग आहे, चिमणे?"

तो जमिनीवर बसला आणि वाडगं हळूहळू पुढे सरकवू लागला. खाटेखाली हूं नाही की चूं नाही. गप्प आहे म्हणजे बरा आहे, असं तिने स्वतःला बजावलं. दादाचा हात आणखी आत गेला. आणि थांबला. मग त्याने वाडगं तिथेच सोडून हात मागे घेतला आणि स्वतःही मागे सरकला.

"काय झालं?"

"नको म्हणाला."

"कधी? मला तर काही ऐकू आलं नाही!"

"ऐकायचं कशाला? बघ ना. तोंड घट्ट मिटलंय. श्वास धरलाय. डोळ्यांचं पांढरं दिसतंय. केव्हाचा सांगतोय बिचारा." मग त्याने विचारलं, "पहिल्यापासून असाच मुका आहे का?"

मावशीला आठवलं. पहिल्यापासून नव्हता. आला तेव्हा गुरगुरायचा. आणि गुरगुरला रे गुरगुरला की ही पाइपचं टोक गजावर आपटायची. "गप्प!" कुत्रं घ्यायला आलेली माणसं गुरगुर ऐकली की पळून जातात, म्हणून त्याच्या भल्यासाठीच. तो शिकला. सांगायचं सोडून दिलं आणि चावायचं तेवढं उरलं. सांगत नाही म्हणून ज्याला मारायला निघाले होते, त्याचं सांगणं हिनेच बंद केलं होतं.

"मीच गप्प केलं त्याला," ती म्हणाली.

दादाने तिचे ओठ वाचले. तो "असू दे" म्हणाला नाही. नुसतं "हं" म्हणाला आणि खुर्ची विणायला बसला.

दुपारभर मावशी भिंतीला टेकून, जीव मुठीत धरून बसली. दादा मधूनच उठायचा, चार वस्तू आपटायचा, खाटेपाशी जाऊन बसायचा, हात पुढे करायचा, बघायचा, मागे घ्यायचा. दर वेळी तिला वाटायचं, आता गेली बोटं. वाडगं जसंच्या तसं होतं.

संध्याकाळी व्हॅनचा हॉर्न वाजला. मावशी उठली. उपाशीच राहिलं लेकरू, म्हणून तिला राहवेना. "खा रे राजा थोडं," म्हणत ती वाडगं आत ढकलायला वाकली.

खाटेखालून आवाज आला. बारीक, कोरडा, घशात अडकलेला. गुर्रर्र.

मावशीचं तोंड सवयीने उघडलं. "ग..." एवढं बाहेर पडलं आणि तिने तळहात तोंडावर दाबून धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

दादाने मान वर केली, तिला तसं बघितलं आणि वेत टाकून धावला. "काय झालं? चावला?"

तिने नाही म्हणून मान हलवली, तोंडावरचा हात काढला. "बोलला, दादा."

"काय म्हणाला?"

"जवळ येऊ नको म्हणाला."

"मग सरक की मागे!" दादा तिच्यावर खेकसला. "उभी काय राहिलीस?"

मावशी मागे सरकली. गुरगुर थांबली. ती आणखी मागे सरकली.