साखरेचा कोळसा, लोखंडाची पूड

मी बनवलेली लोखंडाची पहिली पूड पेटली.

लोखंड पेटतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. कण अतिशय बारीक झाले की नुसती हवा लागली तरी ते आपोआप तापतात. परळच्या आमच्या प्रयोगशाळेत, सांडपाण्यातला रंग शोषून घ्यायला केलेली ती काळी पूड मी गाळणकागदावर सुकवत होते. फोन घ्यायला वळले, आणि परत बघितलं तर कागदाच्या मधोमध निखारा. मी तो ओढणीने झटकला. निखारा विझला, ओढणीला भोक पडलं.

लालबागला घरी आल्यावर आईने ओढणी उजेडात धरली.

"भाजलंस काय गो?"

"मी नाही. ओढणी जळली."

"कशानं?"

"लोखंडानं."

आईने माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि कुकर लावायला गेली.

दुसऱ्या दिवशी माझ्या मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "कणांवर कार्बनचा थर दे. हवा आत शिरणार नाही." हा कार्बन साखरेपासून करायचा. लोखंडाचा क्षार आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवायचं, सुकवायचं आणि हवा लागू नये म्हणून भट्टीत नायट्रोजन खेळवत भाजायचं. साखरेचा कोळसा होतो आणि तोच कणांभोवती बसतो. पहिल्यांदा भाजलं तेव्हा मजलाभर करपलेल्या गुळाचा वास सुटला. शेजारच्या प्रयोगशाळेतले सर चिक्की कोण करतंय म्हणून विचारायला आले. मी घाईघाईने भट्टी गरम असतानाच उघडली. आत तांबूस भुकटी होती.

"हा गंज आहे," बाई म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

असा गंज मी दिवाळीपर्यंत केला. घरी कोणी विचारलं की काम चालू आहे म्हणून सांगायचे. मग एकदा भट्टी थंड होईपर्यंत खरंच थांबले. पूड काळीच राहिली. चिमूटभर आम्लात टाकली. उघडं लोखंड असतं तर बुडबुडे येऊन विरघळलं असतं. हिला काही झालं नाही. बाकावर डोकं टेकून मी थोडं रडून घेतलं आणि बाईंना फोन केला.

पुढच्या आठवड्यात आईला गुडघा दाखवायला परळच्याच इस्पितळात नेलं. परतताना ती म्हणाली, "तुझा कॉलेज हयच मा? चल, बघूया."

तिला स्टुलावर बसवलं. बाटलीत निळा रंग घातलेलं पाणी घेतलं, त्यात पूड टाकून बराच वेळ हलवलं आणि बाटलीच्या अंगाला लोहचुंबक लावलं. काळी पूड सरकत त्या बाजूला गोळा झाली. पाणी नितळ दिसायला लागलं.

"रंग खंय गेलो?"

"पुडीवर बसला."

आईने बाटली हातात घेतली, चुंबक काढून पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. तिला दम लागेपर्यंत जिना चढवून आणल्याचं मला वाईट वाटत होतं. तिला त्याचं काही नव्हतं. निघताना बाईंना तिने वाकून नमस्कार केला. बाई तिच्याहून लहान आहेत. त्या गडबडून गेल्या.

घरी शेजारच्या काकू बसलेल्याच होत्या. आईने माझ्याकडे बोट दाखवून त्यांना सांगितलं, "आमचा चेडू पाण्यातलो रंग काढता. माझ्यासमोर काढल्यान."

"पाण्यात रंग घालतं कोण?" काकूंनी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं.

"सध्या मीच घालते," मी म्हटलं.

काकूंनी मान डोलावली आणि गुडघ्याला डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं.